धरू नका, मास्तर

एसटीतून रिटायर झालेल्या माणसाला लोक तीनच प्रश्न विचारतात. फंड मिळाला का, गुडघे कसे आहेत, आणि आता वेळ कसा जातो. तिसऱ्याचं खरं उत्तर दिलं की समोरचा परत गुडघ्यांवर येतो. खरं उत्तर असं की आठवड्यातून दोनदा, उजाडता उजाडता, मी शहाद्याबाहेरच्या एका शेतात जातो आणि घोडीच्या कडेनं चालतो. घोडीवर कोणीतरी बसलेलं असतं. बहुतेक वेळा लहान मूल, कधी मोठं माणूस. कोणाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे अंगावर नीट ताबा नसणं, कोणाला स्वमग्नता, कोणाला डाउन सिंड्रोम. घोडीच्या तोंडाशी एक जण, दोन बाजूंना दोघं, आणि रिंगणाच्या मधोमध उभ्या राहून आम्हा सगळ्यांना दटावणाऱ्या फिजिओताई. बाजूच्या दोघांतला एक मी.

"तठे काय भेटस तुमले?" बायकोनं सुरुवातीलाच विचारलं.

"लीद," मी सांगितलं. ते खोटं नाही. अधूनमधून पोतं भरून आणतो, कुजवतो आणि तिच्याच मोगऱ्याला घालतो. त्या उन्हाळ्यात मोगरा असा काही फुलला की तिनं तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

संस्थेचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की फोन येतात, आणि फोन उचलायला तिथं माणूस नाही. मुलांची नावंही नाहीत, कारण त्यांच्या आईबापांना मी विचारलेलं नाही. शेत एका पपईवाल्याचं आहे. बांधालगतचा तुकडा त्यानं दिलाय, त्यावर नदीची वाळू टाकून रिंगण केलंय, कारण आमची काळी जमीन पावसात घोडीच्या खुराला अशी चिकटते की पाऊल उचलत नाही. एक पत्र्याचा तबेला, पाण्याचा हौद, आणि घोडीच्या पोटाच्या उंचीचा सिमेंटचा चौथरा. चौथऱ्याला एका अंगानं उतार आहे. व्हीलचेअर सरळ वर ढकलत न्यायची, घोडी चौथऱ्याला चिकटून उभी करायची आणि मुलाला आडवं सरकवून पाठीवर घ्यायचं. खालून उचलून चढवायचं नाही. त्यात मुलाची कंबर अवघडते, उचलणाऱ्याची मोडते आणि घोडीची पाठ एका बाजूला ओढली जाते.

घोडाच का, हे मीही ताईंना विचारलं होतं. पोरांना मजा वाटते म्हणून असेल, असं मला वाटायचं. त्यांनी मला घोडीच्या मागं उभं केलं आणि म्हणाल्या, नुसती तिची पाठ बघा. घोडा कदम चालीनं, म्हणजे न पळता, पावलापावलानं चालतो तेव्हा चारही खूर वेगवेगळे टेकतात आणि पाठ एकाच वेळी तीन तऱ्हांनी हलते. पुढं-मागं, डावी-उजवीकडं, आणि जराशी पिळ घेत. माणूस चालताना त्याची कंबर जवळजवळ तशीच हलते. म्हणजे ज्या पोरानं जन्मात चार पावलं टाकली नाहीत, त्याच्या कमरेला बसल्या बसल्या चालणं काय असतं ते कळतं. घोडी मिनिटाला साधारण शंभर पावलं टाकते. अर्ध्या तासाची तीन हजार झाली. तीन हजार वेळा हातानं कोणी कोणाची कंबर हलवू शकत नाही, आणि हलवली तरी पोरगं तेवढा वेळ हसत बसणार नाही.

वर खोगीर नसतं. जाड नमदा, म्हणजे लोकरीची गादी, आणि त्यावर दोन मुठी असलेला पट्टा, एवढंच. घोड्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा किंचित जास्त, ३८ अंशांच्या आसपास असते. ती पोरांच्या मांड्यांना लागावी म्हणून ही व्यवस्था. सेरेब्रल पाल्सीत पुष्कळदा मांडीचे स्नायू इतके ताठ असतात की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. अशा पोराला पहिल्यांदा बसवताना पाय फाकतच नाहीत. जोर करायचा नाही. पाच-दहा मिनिटं घोडी चालली की तेच पाय हळूहळू सैल पडून खाली येतात. हे मी डोळ्यांनी पाहतो, म्हणून लिहितो. उतरल्यावर पाय पुन्हा ताठ होतात, तेही पाहतो.

कमरेचं हे प्रकरण मला लवकर समजलं, कारण तोरणमाळच्या घाटात गच्च भरलेल्या गाडीत दांडीला न धरता तिकिटं फाडलेला माणूस आहे मी. एका हातात ट्रे, दुसऱ्यात चिमटा, धरायला तिसरा हात नाही. नवा कंडक्टर आधी म्हाताऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसतो, शिव्या खातो. मग कधीतरी, कोणी न शिकवता, अंगाला कळायला लागतं. वळण यायच्या आधी कंबर तयार असते. तुम्ही त्या नव्या पोराला मागून धरून ठेवलंत तर तो रिटायर होईपर्यंत शिकणार नाही. घोडीवरच्या पोराचं हेच आहे. आणि बाजूनं चालणाऱ्याला नेमकं हेच जमत नाही.

आमचं काम सांगायला सोपं. घोडीच्या खांद्याच्या जरा मागं, बसलेल्याच्या गुडघ्याच्या रेषेत चालायचं. आतला हात त्याच्या मांडीवरून आडवा नेऊन पट्ट्याची मूठ धरायची. मांडीवर आपल्या हाताचं नुसतं वजन. दाबायचं नाही, कोपर घोडीच्या पाठीत रुतवायचं नाही, कारण सकाळभर असं रुतलं की संध्याकाळी तिथं हात लावला तरी ती कातडी थरथरवते. दोन्ही बाजूवाल्यांनी एकाच वेळी हात सोडायचा नाही, काही झालं तरी. हात दुखला तर "थांबा" म्हणायचं, घोडी थांबवायची, एकानं जागा बदलेपर्यंत दुसऱ्यानं धरून राहायचं. दुखतो बरं का. अर्ध्या तासानंतर खांदा असा भरून येतो की घरी शर्ट काढताना बायकोला हाक मारावी लागते.

अवघड भाग पुढं आहे. पोरगं डावीकडं कलतं. तुम्ही डावीकडं आहात. तुमच्या हातात, खांद्यात, सगळ्या अंगात एकच ऊर्मी उठते, त्याला सरळ करावं. आणि मधून ताईंचा आवाज येतो, "मास्तर, राहू द्या." मास्तर म्हणजे मी, जुना कंडक्टर. मग घोडीच्या तोंडाशी असलेला चाचा तिला जरा वळवतो, किंवा दोन पावलं थांबवून परत काढतो, आणि त्या हिसक्यानं पोरगं आपलं आपण मध्यावर येतं. कधी नाही येत. मग अजून एक वळण. पडायला लागलं तर धरायचंच, त्यासाठीच आपण तिथं आहोत. पण कलणं वेगळं आणि पडणं वेगळं, आणि त्या दोन्हींत किती बोटांचं अंतर आहे हे ओळखणं, एवढीच आमची सगळी विद्या. बोलायचंही कमी. एकटी ताई बोलणार. आम्ही दोघांनी पोराच्या डोक्यावरून कापसाच्या भावाच्या गप्पा मारायच्या नाहीत. माझा जोडीदार साखर कारखान्यातून रिटायर झालेला आहे, त्याला हे शेवटचं फार जड जातं.

आमच्याकडं पोलिओ झालेले एक गृहस्थ येतात, माझ्याच वयाचे, झेरॉक्सचं दुकान आहे. एका पायाला कॅलिपर, दुसरा पाय बारीक. देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, म्हणजे आजच्या पोरांना हा आजार फक्त दोन थेंबांपुरता माहीत. आमच्या पिढीत मात्र प्रत्येक गल्लीत एखादा होताच. हे गृहस्थ पहिल्या दिवशी चौथऱ्यावर उभे राहून म्हणाले, "माझी वरात जीपमधून निघाली होती. घोडीवाला म्हणाला, पाय अडकवता येत नाहीत, पडले तर माझ्यावर येईल." मग घोडीवर बसले. मी आपला नेहमीप्रमाणे मांडीवरून हात टाकला तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "धरू नका, मास्तर."

मी ताईंकडं पाहिलं. त्यांनी बोटानं खूण केली, हात काढा पण बाजूलाच चाला. तसं दोन फेऱ्या चाललो. धरून चालण्यापेक्षा न धरता चालणं फार थकवतं, हे तेव्हा कळलं.

त्यांनाच ताईंनी लिस हार्टेलची गोष्ट सांगितली. डेन्मार्कची ही बाई उत्तम घोडेस्वार. १९४४ मध्ये, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे गेले. ती परत घोड्यावर बसली. चढायला-उतरायला माणसं लागायची, पण एकदा वर बसली की बसली. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करून घ्यायच्या, या प्रकारात तिनं रौप्यपदक मिळवलं. त्या प्रकारात बायकांना पुरुषांबरोबर उतरू द्यायचं ते पहिलंच ऑलिम्पिक. घोडीचं नाव ज्युबिली. सुवर्णपदक मिळालेला स्वीडनचा सेंट सिर खाली आला आणि त्यानं तिला हात देऊन विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढवलं. १९५६ मध्ये तिनं पुन्हा रौप्य आणलं. दिव्यांगांना घोड्यावर बसवायच्या ज्या संस्था पुढं युरोपात आणि इंग्लंडात निघाल्या, त्यांनी हिचंच नाव पुढं केलं. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून तर दिव्यांगांचा स्वतंत्र ड्रेसाजच सुरू झाला. झेरॉक्सवाल्यांनी हार्टेलचा फोटो मोठा करून दुकानात लावलाय, लक्ष्मीच्या शेजारी. गिऱ्हाइकं विचारतात, ही कोण बाई. ते सांगत बसतात आणि रांग वाढते.

पण यायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला घोडीवर बसवता येत नाही, आणि नाही म्हणायचं काम ताईंचं. डाउन सिंड्रोम असेल तर मानेचा एक्स-रे आधी, कारण त्यात काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात आणि हिसका धोक्याचा ठरतो. मिरगीचे झटके आटोक्यात नसतील तर नाही. खुबा निखळलेला असेल तर नाही. वजन जास्त असेल तरीही नाही. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार टाकू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. आमच्या बिजलीचं वजन आम्ही कापसाच्या वजनकाट्यावर केलं, एकदा टेम्पोत घालून आणि एकदा रिकामा टेम्पो. साडेतीनशे किलो निघालं. म्हणजे नमदा-पट्ट्यासकट सत्तर किलोच्या आतलाच माणूस. दोंडाईच्याहून एक उंचापुरा तरुण आला होता, अपघातात कमरेखालचा भाग गेलेला, वजन नव्वदच्या घरात. बापानं हात जोडले. ताईंनी हात जोडणाऱ्याला नाही म्हटलं आणि मग तबेल्यामागं जाऊन बराच वेळ हौदातलं पाणी हलवत बसल्या.

धडगावकडची एक मुलगी येते. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या पाड्यांवर, हा आजार घराघरात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार मोजलेत त्यात सिकलसेलही आहे, हे मला गाडीत असताना ठाऊक नव्हतं. तेव्हा दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत, कार्ड दाखवा, एवढाच माझा त्या कायद्याशी संबंध. या आजारात रक्त पुरेसं न पोचल्यानं खुब्याचं हाड झिजतं. हिचं तेच झालंय, म्हणून घोडीवर बसणं डॉक्टरांनी बंद केलं. ती रडली नाही. चाचाच्या हातातून खरारा घेतला आणि घोडीच्या मानेपासून सुरुवात केली. आता खरारा तिचाच. आधी गोल गोल फिरवून माती सुटी करायची, मग केसांच्या दिशेनं ब्रश, मग ओल्या फडक्यानं डोळे. खूर उचलून आतली माती काढायला अजून चाचा लागतो. मधेच थांबून पाणी प्यायचं ही तिला सक्ती आहे, कारण अंगातलं पाणी कमी झालं की तिच्या दुखण्याला निमित्त मिळतं. ती पाणी प्यायला थांबली की घोडी मान वळवून बघते, काम का थांबलं म्हणून.

बिजली हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं तिला लांबून पाहिलं असावं. कुमेत, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, कपाळावर टिकली, आणि चाल अशी की मागून बैलगाडी येईल आणि पुढं जाईल. चाचानं तिला आणलं. चाचाचा पिढीजात धंदा लग्नाच्या घोड्यांचा. ती त्याची वरातीची घोडी, वय झाल्यावर त्यानं ती विकली नाही, इकडं लावली आणि स्वतःही बरोबर आला. वरातीची घोडी या कामाला उत्तम, असं त्याचं मत. फटाके, लाइटचे गोळे, जनरेटर, पिऊन शेपटीला लोंबकळणारे मित्र, सगळं तिनं पाहिलेलं. कुबडी पडली, व्हीलचेअर खडखडली, पोरगं एकाएकी किंचाळलं, तरी कान हलवते आणि उभी राहते.

एकच खोड. ती नाचणारी होती. आमच्याकडं वरातीत नुसती घोडी चालत नाही, बँडवर पाय उचलून नाचावं लागतं, त्याचं शिक्षण असतं. तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झाले आणि एका सकाळी शेताबाहेरच्या रस्त्यानं बँडचा ट्रक वाजतगाजत निघाला. ढोल ऐकू आला तशी बिजलीची मान कमानदार झाली. मग पुढचा उजवा पाय वर. मग डावा. वर नऊ वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी, मानही जेमतेम सावरते. आम्ही दोघांनी मांड्या घट्ट धरल्या, चाचानं मोहोरकी आखडली आणि तिच्या तोंडासमोर भिंतीसारखा उभा राहिला. ताईंनी "उतरवा" म्हणायला तोंड उघडलं होतं. घाईत उतरवायचं कसं याचा सराव आम्ही दर महिन्याला करतो, पोत्यात भुसा भरून. पण ट्रक वळला, ढोल लांब गेला, घोडी दोन वेळा फुरफुरली आणि थांबली. मुलगी इतकी हसत होती की तिची उचकी थांबेना. आम्ही तिघंही घामानं निथळत होतो.

त्यानंतर महिनाभर बिजलीवर कोणाला बसवलं नाही. चाचा मोबाइलवर बँड लावायचा, आधी अगदी बारीक, आणि ती पाय न उचलता उभी राहिली की मूठभर चंदी. भिजवलेले हरभरे. हळूहळू आवाज वाढवत नेला. धंद्यासाठी जे त्यानं स्वतःच तिला शिकवलं होतं, ते त्यालाच पुसायचं होतं. एकदा म्हणाला, "इसका नाच अच्छा था, मास्तर. शिरपूरपासून लोक बोलवायचे." आणि चंदीची मूठ पुढं केली. आता ढोल वाजला तर तिच्या खांद्याची कातडी तेवढी हलते. तरी लग्नसराईत पंचांग तबेल्यात टांगलेलं असतं, आणि मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी आम्ही रिंगण बंद ठेवतो.

दुसरी घोडी आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीला तापीकाठी भरते, घोडेबाजार देशभर नावाजलेला. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे. विकणारे घोड्याला रेवाल या वेगवान चालीत काढतात, दोन पायांवर उभं करतात, बघ्यांच्या टाळ्या पडतात. आमच्या ताई तिथं एका व्यापाऱ्याला म्हणाल्या, "हळू चालवून दाखवा." त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "हळू? हळू किसलिए, मॅडम?" ताईंनी पिशवीतून स्टीलचं ताट काढलं आणि घोड्याच्या मागं दगडावर टाकलं. घोडा उधळला, व्यापारी त्याच्यामागं, आणि आम्ही पुढच्या दावणीला. दिवसभर हेच. ताट, छत्री फटकन उघडणं, कुबडी पोटाला घासणं, दोघांनी दोन्ही बाजूंनी चिकटून चालणं. बाजारात बातमी पसरली की शहाद्याची एक डॉक्टरीण ताट आपटत फिरतेय.

संध्याकाळी एका कोपऱ्यात एक अबलख, म्हणजे दोन रंगांच्या चट्ट्यांची घोडी सापडली. ताट पडलं तर तिनं वाकून ताटाचा वास घेतला. चाल एकसारखी, पाठ अरुंद, म्हणजे ताठ पायांच्या पोरांना सोयीची. उंचीही अशी की आमचा हात मांडीवरून नीट जावा. एवढं असून गिऱ्हाईक नव्हतं. का, तर भोवरा. घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवतात, आणि हिचा एक भोवरा भलत्या जागी. मालकाचं वाटोळं करणारी, असं दोन म्हाताऱ्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. रुमालाखाली बोटं दाबली गेली, सौदा आमच्या ऐपतीत बसला. आमचा पपईवाला मात्र ऐकून जरा गप्प झाला, कारण जागा त्याची. त्या हंगामात पपईला भाव बरा मिळाला म्हणून वाचलो. पडला असता तर भोवऱ्यावर आलं असतं.

या अबलखीवर बसणारा एक पोऱ्या आहे, आठेक वर्षांचा. स्वमग्न, बोलत नाही. आजी त्याला एसटीनं आणते. पहिल्या दिवशी तिनं माझा हात धरून विचारलं, "मना नातू पडी तं नही ना, भाऊ?" मग सांगितलं की याला गाडीतली घंटी फार आवडते, कंडक्टरच्या जवळच्या सीटवरच बसतो. आमच्याकडं रीत अशी की घोडी पोरानं सांगितल्याशिवाय हलवायची नाही. "चल" म्हणायचं, नाहीतर मानेवर थाप मारायची. हा काहीच करेना. फेरीच सुरू होईना. मी पुढच्या खेपेसाठी बैलाच्या गळ्यातली लहान घंटी आणली, पट्ट्याच्या मुठीला बांधली, दोरी त्याच्या हातात दिली. घोडीला घंटीची सवय आधी दोन दिवस लावून घेतली होती. काही सांगितलं नाही. मी फक्त माझ्या जागी उभा राहून दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. चाचाला आधीच सांगून ठेवलं होतं. घोडी निघाली. मग एकदा. टिंग. थांबली.

पोऱ्यानं दोरीकडं पाहिलं, घोडीच्या कानांकडं पाहिलं. बराच वेळ गेला. ताई गप्प, आजी कुंपणाशी पदर तोंडाला लावून उभी, माझा जोडीदारसुद्धा गप्प. मग टिंग टिंग. निघाली. टिंग. थांबली. टिंग टिंग. त्या सकाळी अबलखी इतक्या वेळा निघाली आणि थांबली की शहादा-धडगाव जलद गाडी इतके थांबे घेत नाही. ताई खूश, कारण निघताना आणि थांबताना जो हिसका बसतो त्यानंच पाठ मजबूत होते. घोडीनं शेवटी मान वळवून आमच्याकडं पाहिलं तेव्हा आम्ही बंद केलं.

बोलायला लागला का, असं मला गावात विचारतात. नाही. चालायला लागली का, असं त्या हसणाऱ्या मुलीबद्दल विचारतात. नाही. ती पूर्वी आधाराशिवाय बसू शकत नव्हती, आता थोडा वेळ बसते, ताटातलं स्वतः खाते, सांडते. ताई स्वतःच सांगतात की हे फिजिओथेरपीच्या जागी नाही, तिच्या जोडीला आहे, आणि कोणी घोड्यानं आजार बरा होतो म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका. पोऱ्याची आजी म्हणते, आता त्याला बाहेर जायचं असलं की तो वाटीवर चमचा दोनदा वाजवतो.

वाढदिवसाच्या दिवशी केक घेऊन येणारी मंडळी मला सोसत नाहीत. एका पुढाऱ्याची माणसं आली होती, हार घेऊन. घोडीला हार, पोराला हार, घोडीनं पोराच्या गळ्यातला हार खाल्ला. फोटो काढण्यासाठी घोडी तीन वेळा थांबवायला लावली. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "पुण्याचं काम करताय, काका." मी म्हटलं, या बुधवारी, बाजूनं चाला. हो म्हणाला. बुधवारी आला नाही. आम्हाला पुण्यवान माणूस नको आहे. सव्वासहाला येणारा हवा आहे. कारण एक बाजूवाला कमी पडला की त्या पोराची फेरी रद्द होते, आणि ते पोरगं पहाटे चारला उठून, दोन गाड्या बदलून आलेलं असतं.

तेव्हा कोणाला खरंच यायचं असेल तर ऐका. बूट घालून या, चपला नकोत, पावलावर खूर पडला की कळेल का. अत्तर, सेंट लावून येऊ नका. खिशात मोबाइल बंद. उन्हाळ्यात आठच्या आत सगळं आटोपतं, आपल्याकडचं ऊन घोडीलाही सोसत नाही. एका घोडीवर सकाळी तीन-चारच जण बसतात, त्यानंतर तिला सुट्टी, मग कोणी कितीही विनवणी करो. घोडी माजावर असली की तिचा आठवडाभर खाडा. पहिले काही आठवडे तुम्हाला लीद उचलायला लावतील आणि खरारा शिकवतील, तोही धडगावची मुलगी शिकवेल, आणि ती कडक आहे. पोराच्या बाजूला उभं राहायला त्यानंतर. गुडघे बरे असले पाहिजेत. फंडाची चौकशी कोणी करणार नाही.